पानावरची पांढरी लव

ठसक्याला राग आधी यायचा आणि कारण मागाहून सापडायचं. टेबलावरचा चमचा वाकडा दिसला की त्याचं डोकं फिरायचं, आणि सरळ दिसला तरी आजच हा सरळ कसा म्हणून तो भांडीवालीकडे संशयानं बघायचा. हे नाव त्याला हॉटेलच्या भटारखान्यात पडलं. तापल्या तव्यावर मिरची जळाली की सगळ्यांना एकदम ठसका लागतो, तसे तो दारातून आत शिरला की सगळे मुद्दाम खोकायला लागत. गिऱ्हाइकांसमोर मात्र लोण्याचा गोळा. "या, बसा, काय आणू?" लोकांना बसा-बसा म्हणण्यात त्याची उभी हयात गेली होती. अक्षरशः उभी.

त्याचे परिणाम पोटऱ्यांवर दिसत. गुडघ्याखाली निळ्या शिरा अशा फुगल्या होत्या की पँट वर केली तर बघणारा आधी तोंड फिरवी आणि मग पुन्हा चोरून बघे. डॉक्टर म्हणाले, बसून करायचं काम शोधा.

"डॉक्टरसाहेब, मी वेटर आहे. बसलेला वेटर तुम्ही कुठे पाहिलाय?"

"मग दुसरं काहीतरी करा."

"या वयात? मला आता नाचायला ठेवणार कोणी?"

डॉक्टर हसले, आणि हसले म्हणून ठसका त्यांच्यावरही रागावला. फी देऊन बाहेर पडताना त्यानं दार जरा जोरातच ओढलं.

आणि मग हॉटेलात एका कोपऱ्याची गोष्ट निघाली. मालकीणबाईंनी खिडकीकडचा, दुपारभर रिकामा पडणारा कोपरा मोकळा केला. सुतार लावून लाकडी काउंटर करून घेतला, आणि त्याच्या मागे एक उंच स्टूल आणून ठेवलं. पाठ टेकायला पट्टी असलेलं, पाय ठेवायला आडवी दांडी असलेलं, वर मऊ गादी. बाईंना तिथे दुपारचा चहा सुरू करायचा होता. साधा नाही; चीनमधला, कोवळ्या पानाचा, बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात डोळ्यांदेखत करून द्यायचा. जो करणार तो त्या स्टुलावर बसून करणार. ठसक्यानं पहिल्या दिवशी ते स्टूल पाहिलं आणि त्याच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. लोकांना मिठाई बघून सुटतं, याला गादी बघून.

"हा चहा मी करतो," तो बाईंना म्हणाला.

"तुम्ही?" बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. बाई कधी आवाज चढवत नसत, आणि याच गोष्टीचा ठसक्याला सगळ्यात जास्त राग यायचा. "तुम्हाला येतो?"

"मला चिनी मामानं शिकवलाय."

हे मात्र खरं होतं. चिनी मामा म्हणजे हॉटेलचा जुना आचारी. खराखुरा चीनहून आलेला म्हणून चिनी, आणि सगळ्यांचे लाड करून वर फटकेही द्यायचा म्हणून मामा. दुपारची जेवणं आटपली की तो मागच्या दाराशी पालथ्या खोक्यावर बसे आणि स्वतःपुरता चहा करी. ठसका एकदा तिथे वचावचा भांडायला गेला होता, सूप थंड दिल्यावरून. मामाला भाषा अर्धीमुर्धी. त्यानं भांडण शेवटपर्यंत ऐकून घेतलं, समोरचं खोकं पायानं पुढे सरकवलं आणि एक पेला ठसक्याच्या हातात दिला. ठसका खोक्यावर बसला, पेला तोंडाला लावला आणि म्हणाला, "ह्यात काहीच नाही."

मग थोडा वेळ गेला आणि घशाच्या मागून गोडवा वर आला. साखरेचा नाही. ओला मटार सोलताना बोटांना वास लागतो ना, तसलं काहीतरी, आणि त्याच्याही मागे कुठलंतरी फूल. ठसका पेल्याकडे बघत राहिला. भांडण कशावरून होतं ते त्याला आठवेना, आणि त्याचाही त्याला राग आला.

तेव्हापासून तो रोज मागच्या दाराशी जाऊ लागला. मामा शिकवायचा म्हणजे काय, चापट्या मारायचा. ठसक्यानं उकळतं पाणी ओतायला घेतलं की मनगटावर चापट. पाणी उकळायचं, पण मग थांबायचं. पेल्यात ओतून बाहेरून तळहात लावायचा. हात काढावासा वाटला पाहिजे, पण काढावा लागता कामा नये. तसं झालं की मग वरून पान सोडायचं. पान आधी नाही, पाणी आधी. ही पानं गोगलगायीसारखी गुंडाळलेली, म्हणून त्या चहाच्या नावातच गोगलगाय आहे आणि वसंतही आहे, असं मामा हातवारे करून सांगायचा. ती पानं पाण्याला टेकली की क्षणभर विचार करतात आणि मग एकेक करून तळाला जातात. जाता जाता उलगडतात. पेला कधीही तळापर्यंत प्यायचा नाही. थोडा ठेवायचा आणि त्यावर पुढचं पाणी ओतायचं, नाहीतर दुसरा पेला पोरका होतो. आणि सगळ्यात महत्त्वाची ती लव. कोंब इतका कोवळा असतो की त्याच्यावर तान्ह्या बाळाच्या कानावर असते तसली पांढरी लव असते. वाळवूनसुद्धा टिकते. पेल्यात ती तरंगते. उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण चमकावेत तशी. लव असली तर चहा पहिल्या खुडणीचा. नसली तर मामा ओठ मुरडायचा आणि झाडाच्या मुळाशी ओतून टाकायचा.

मग मामा आईला बघायला गावी गेला आणि परत आलाच नाही. ठसका कितीतरी दिवस नव्या आचाऱ्याशी उगाच भांडत होता.

तर बाईंनी एक डबा मागवला. यंदाच्या वसंतातल्या पहिल्या खुडणीचा, आणि तेवढाच मिळाला. डबा उघडल्यावर ठसक्यानंच त्यांना दाखवलं, "ही लव बघा, बाई. हीच त्याची ओळख. ही आहे म्हणजे सगळं आहे."

"छान. येत्या शुक्रवारी दुपारी मला करून द्या," बाई म्हणाल्या. "माझं समाधान झालं तर कोपरा तुमचा. नाही झालं तर ते आहेच." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कॉफीचं मशीन उभं होतं. विकणारा माणूस ते पसंतीसाठी ठेवून गेला होता. त्याच्यावर कॉफी, दूध, लिंबू, ग्रीन टी अशी चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली बटण. गिऱ्हाइकानं स्वतः दाबायचं. मागे माणूस नको, स्टूल नको.

"डबा इथे ठेवायचा नाही," ठसका म्हणाला. "इथे लसूण, मासे, मसाल्याची कोठी. हा चहा नाकानं जगतो बाई, शेजारी जे असेल त्याचा वास घेतो. मी घरी नेतो. माझ्या घरात वास औषधालाही सापडायचा नाही. माझी बायको कशी स्वच्छ आहे ते तुम्ही बघितलं नाही."

ही त्याची फुशारकी होती, आणि खोटीही नव्हती.

त्याची बायको मोठ्या दवाखान्यात चादरींच्या खोलीत कामाला होती. वॉर्डातल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे धुऊन आले की ती एकेक उजेडात धरून तपासायची. डाग दिसला, मागे. ओल लागली, मागे. पांढरा ठिपका दिसला, तर ती चादर वेगळी बांधून थेट परत, आणि शेजारच्या चादरीही तिच्यासोबत. तिच्या बोटांना ते असं लागलं होतं की बाजारात टॉवेल घेतानाही ती तो उजेडात धरायची आणि दुकानदार वैतागायचा. घर तिनं तसंच ठेवलं होतं. दोन खोल्यांचं, पण जमिनीवर सांडलेलं दूध बोटानं उचलून चाटावं असं.

ठसक्यानं डबा आणला, कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, "ह्याला हात लावायचा नाही."

"काय आहे?"

"चहा."

"मग स्वयंपाकघरात ठेवा की."

"हात लावायचा नाही म्हटलं ना!"

झालं. एवढंच सांगून तो मोजे काढायला बसला.

शुक्रवारी सकाळी त्यानं रोजच्यासारखं झाकण उघडून नाक आत घातलं. नाकात लिंबाच्या साबणाचा वास शिरला. त्याच्या मागून वाळक्या गवताचा. त्यानं डबा खिडकीशी नेला. पानं तपकिरी पडली होती, कागदासारखी कोरडी, अर्धी मोडलेली. लव नव्हती. एकाही पानावर नव्हती.

"अगं ए!"

बायको केसांना पिना लावत होती. "काय झालं ओरडायला?"

"ह्याला काय केलंस?"

"साफ केला." ती आरशातच बघत होती. "आभार मानायचे तर आत्ताच माना, मला उशीर होतोय."

"साफ?"

"बुरशी चढली होती सगळ्याला. पांढरी, चांगली बोटभर."

"बोटभर!"

"काल माझी सुट्टी होती, कपाट काढलं. म्हटलं बघू तरी एवढं काय आहे. उघडते तर हे. तुमच्या मालकीणबाईंना असला चहा पाजला असतात तर त्या आमच्याच दवाखान्यात आल्या असत्या. गच्चीवर चादर अंथरली, दिवसभर कडक ऊन दाखवलं. मग पिठाच्या बारीक चाळणीनं चाळला, दोनदा. सगळी पांढरी भुकटी निघाली. टाकून दिली. डबासुद्धा साबणानं घासला. हात दुखले माझे."

ठसक्यानं डबा खिडकीत आपटला. मग सगळे शब्द एकदम आले.

"अगं बुरशी नव्हती ती! लव होती लव! तोच चहा होता! तू चहा टाकून दिलास आणि चोथा डब्यात भरलास! त्या एका डब्यासाठी माणसं पहाटे डोंगरावर जातात, एकेक कोंब नखानं खुडतात, तापलेल्या कढईत हातानं चोळतात, आणि तू... चाळलास? दोनदा?"

"मला काय माहीत!"

"हात लावू नको म्हटलं होतं!"

"का लावू नको ते म्हटलं होतंत?" आता ती आरशापासून वळली. ती ठसक्यापेक्षा वीतभर बुटकी, पण वळली की उंच व्हायची. "सांगितलंत का? त्या मामानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही बाईंना सांगितलंत. ती भांडीवाली परवा मला विचारते, वहिनी, तुमच्याकडे तो बाळाच्या लवेसारखा चहा आहे ना! भांडीवालीला माहीत! मला मेलीला माहीत नाही. माझ्याशी तुमचं बोलणं काय, तर मोजे कुठे आहेत आणि हात लावू नको. मला तिची तेव्हा थट्टाच वाटली. रोज हजार पांढरे ठिपके बघून मी मागे पाठवते, माझ्या घरातल्या कपाटात ठिपके दिसले तर मी काय आरती ओवाळू?"

"माझं बसणं गेलं," ठसका म्हणाला. "आज दुपारी माझं बसणं होतं, ते तू उन्हात वाळवलंस."

तिनं राहिलेली पिन केसांत खुपसली. पिशवी उचलून निघून गेली. दार तिनंही जोरातच ओढलं.

हॉटेलात जाईपर्यंत ठसका रस्त्यानं एकटाच भांडत गेला. बायकोशी, उन्हाशी, पिठाच्या चाळणीशी. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. चौकात पोहोचेपर्यंत त्यानं ठरवलं होतं: चहा शिळा आला असं सांगायचं. दुकानदारानं फसवलं. दुकानदार कुठे आहे इथे बोलायला?

दुपारी बाई काउंटरपुढे येऊन बसल्या. ठसका मागे गेला आणि पहिल्यांदा त्या स्टुलावर बसला. पाय दांडीवर ठेवले. पोटऱ्यांतून काहीतरी सरसरत खाली उतरलं आणि दुखणं असं थांबलं, जसं खोलीतला पंखा बंद झाल्यावर कळतं की इतका वेळ तो वाजत होता. त्याला वाटलं आता काहीही झालं तरी इथून उठायचं नाही.

पाणी उकळलं. त्यानं पेल्यात ओतलं, तळहात लावून वाट बघितली. चहा मेलेला आहे हे माहीत असूनही त्याला घाई करवेना. मामाची चापट मनगटावर होती. मग पान सोडलं. ते विचारबिचार न करता वरच तरंगत राहिलं. थोडं भिजलं, थोडं बुडालं, तळाशी पिवळट गाळ झाला. एकही पान नीट उलगडलं नाही.

बाईंनी घोट घेतला. पेला खाली ठेवला.

"शिळा दिसतोय," ठसका घाईनं म्हणाला. "दुकानदारानं फसवलं, बाई. गेल्या वर्षीचा माल."

"डबा मी तुमच्यासमोर उघडला होता," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्हीच मला लव दाखवलीत. ही आहे म्हणजे सगळं आहे, असं म्हणालात. कुठे गेली ती?"

ठसक्याच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं.

"बायकोनं नासवला," तो म्हणाला. "बुरशी समजली. उन्हात घातला, चाळला, डबा साबणानं धुतला. काय करणार! माझं नशीब. चांगली वस्तू घरात आणायची सोय नाही."

भटारखान्याच्या दाराशी भांडीवाली ताटं पुसत उभी होती. तिनं मान खाली घातली.

बाईंनी चष्मा पुन्हा डोक्यावर सरकवला. त्या वाईट नव्हत्या. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मशीनच ठेवू. पण तुमचे पाय मला दिसतात हो, मी काही आंधळी नाही. तुम्ही इथेच बसा. गिऱ्हाइकांना बटणं दाबून द्या, कप पुढे करा. स्टूल तुमचं."

स्टूल त्याचं. जे हवं होतं तेच, बसल्या जागी. ठसक्यानं तोंड उघडलं, आभार मानायला. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि घरी सांगा, आपल्याला कळत नाही त्यात हात घालू नये. अडाणी बायकांच्या हाती किमती वस्तू पडली की असंच व्हायचं. चूक तुमचीही नाही."

ठसका स्टुलावरून उतरला. का उतरला ते त्याला पाय जमिनीला टेकेपर्यंत कळलं नाही.

"अडाणी कोण?"

"अहो, मी आपलं सहज..."

"सहज नाही, बाई. अडाणी कोण? ती रोज पांढरा ठिपका शोधते. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस उघडा पडलेला असतो ना, त्याच्या अंगाखालची चादर तिनं बघितलेली असते. तिचं काम आहे ते! पांढरं दिसलं की बुरशी समजायची, आधी थांबवायचं, मग विचारायचं. तुमच्या फ्रीजमध्ये उन्हाळ्यात त्या क्रीमवर हिरवी दाढी उगवली होती, आपण वरचं काढून खालचं वाढलं. वाढलं की नाही? मी वाढलं! माझ्या ह्या हातांनी! ती इथे असती तर तिनं भांड्यासकट फेकलं असतं, आणि तुमच्या-माझ्या तोंडावर फेकलं असतं!"

दोन टेबलांवरची गिऱ्हाइकं जेवायची थांबली.

"हळू बोला," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी तिला सांगितलंच नव्हतं! मामानं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं, ह्या भांडीवालीला सांगितलं, तिला नाही सांगितलं. तर अडाणी ती कशी? मला म्हणा. मला म्हणा ना, मी उभा आहे समोर!"

"ठीक आहे," बाई उठल्या. आवाज तेवढाच हळू, पण आता त्याला धार होती. "मग उभेच राहा. खिडकीपाशी चौघं येऊन बसलेत, त्यांना पाणी द्या."

ठसक्यानं पाणी दिलं. "या, बसा, काय आणू?" संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्यांना बसवलं. मशीनचं प्लॅस्टिक काढलं गेलं, तार भिंतीत बसली, आणि स्टूल काउंटरमागून काढून कोणीतरी गल्ल्याजवळ नेऊन ठेवलं. त्याच्यावर वर्तमानपत्रं साचली.

घरी बायकोनं विचारलं, "काय झालं?"

"गेलं."

"चहामुळे?"

ठसक्यानं उत्तर दिलं नाही. चहामुळे म्हणावं तर खोटं, आणि खरं सांगावं तर तिला कळणार की हा आपल्यासाठी भांडला. तसं कळू देण्याइतका काही त्याचा राग गेला नव्हता. तिनं उत्तर नाही हेच उत्तर धरलं. जेवताना तिनं घास तोंडाला लावला नाही. ती भांडत नाही हे बघून ठसका आणखी चिडला. त्यानं पाण्याचा तांब्या उगाच आपटला. तिनं तो उचलून, पुसून, जागेवर ठेवला.

सकाळी बसथांब्यावर तिला भांडीवाली भेटली. भांडीवालीच्या पोटात काही राहत नसे, आणि रात्रभर तिनं कसंबसं ठेवलं होतं. सगळं सांगितलं, क्रीमच्या दाढीसकट, हातवारे करून. बायकोची बस आली आणि गेली. मग ती दवाखान्याच्या निळ्या झग्यात, पिशवी काखेत मारून, तरातरा उलट्या दिशेनं निघाली.

हॉटेल नुकतंच उघडत होतं. ठसका टेबलं पुसत होता. ती पुढच्या दारानं आत आली, जिथून ती आजवर कधी आली नव्हती.

"बसायचं होतंत की हो!" ती दारातूनच ओरडली.

ठसक्याच्या हातातलं फडकं थांबलं. "तू इथे काय करतेस?"

"अडाणीच म्हणाल्या ना? मारलं तर नाही? मला वॉर्डातली मोठी सिस्टर रोज अडाणी म्हणते, मी काय चादरी टाकून घरी येते? बसायचं होतंत! म्हणू द्यायचं होतं त्यांना काय म्हणायचं ते, आणि गप बसायचं होतं. तुमच्या पायांना कळतंय का, तुम्ही माझ्या मानासाठी भांडलात ते? रात्री कण्हता ते माझ्या मानासाठी कण्हता का?"

"हळू बोल."

"तुम्ही काल हळू बोललात?"

मालकीणबाई आतून आल्या. बायको त्यांच्याकडे वळली, म्हणजे पुन्हा उंच झाली. "मी ती अडाणी, बाई. चहा मी खराब केला. पुन्हा दिसला तर पुन्हा उन्हात घालीन, मला कोणी सांगितलं नाही तर. मला अजून दोनदा अडाणी म्हणा, मी ऐकून घेते. पण ह्यांचं बसणं काढू नका. ह्यांचं तोंड वाईट आहे, पाय त्याहून वाईट आहेत."

"अगं तू गप!" ठसका ओरडला.

"तुम्ही गप!"

मालकीणबाईंनी दोघांकडे बघितलं. काहीतरी बोलायला गेल्या. ते माफीचं असावं, कारण नीट बाहेर आलं नाही. "मी... तसं म्हणायला नको होतं," एवढं त्या शेवटी म्हणाल्या. मग गल्ल्याजवळ गेल्या, वर्तमानपत्रं बाजूला केली आणि स्टूल स्वतः उचलून काउंटरमागे नेऊन ठेवलं. उचलताना त्यांना ते जड गेलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी बटणं दाबणार नाही," ठसका म्हणाला.

"दाबणार," बायको म्हणाली.

ठसका बसला. तोंड असं केलं होतं जसं काही त्याला तिथे बांधून ठेवलंय. बाई म्हणाल्या, "तुम्ही काही घ्या ना," आणि बायको काउंटरपुढच्या खुर्चीवर टेकली, पिशवी मांडीवर घेऊन. ठसक्यानं तिच्याकडे न बघता कॉफीच्या चित्राखालचं बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, थुंकलं आणि थांबलं. तिनं कप आधी उजेडात धरला, आतून-बाहेरून बघितला, मग घोट घेतला.

"बरी आहे," ती म्हणाली.

"बरी?" ठसका तिथल्या तिथे पेटला. "ही बरी? अगं जो चहा तू गच्चीवर..."

"मला उशीर होतोय," ती म्हणाली आणि कप संपवून उठली.

तेव्हापासून ठसका तिथेच बसतो. संध्याकाळी पोटऱ्या पूर्वीसारख्या ठणकत नाहीत, ही गोष्ट तो कुणाजवळही कबूल करत नाही. पुढच्या वसंतात नवा डबा मागवा म्हणून मालकीणबाईंना रोज सांगतो. सांगतो म्हणजे भांडतो. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत, नाहीही म्हणालेल्या नाहीत. घरी त्यानं एका रविवारी बायकोला सगळं बसून सांगितलं: लव म्हणजे काय, पाणी कधी थांबवायचं, पान वरून का सोडायचं, पेला तळापर्यंत का प्यायचा नाही. तिनं चादरींच्या घड्या घालता घालता ऐकलं आणि विचारलं, "मग खरी बुरशी लागली तर ती ओळखायची कशी?" ठसक्याला ते सांगता येईना. म्हणून त्या रविवारीही भांडण झालं.

गिऱ्हाईक येतं, चित्रं बघतं आणि ग्रीन टीवर बोट ठेवतं.

"तो नाही मिळायचा," ठसका म्हणतो.

"मशीनवर तर आहे की."

"आहे. पण पिण्यासारखा नाही. भिजवलेल्या पुठ्ठ्याचं पाणी आहे ते. कॉफी घ्या."

"अहो, पण इथे चित्र आहे ना!"

"मग चित्र प्या," ठसका म्हणतो, आणि पाय दांडीवर आणखी घट्ट रोवून बसतो.